काळी वाळू आणि फेंगलानचे हात

घाण दिसली की च्यू फेंगलानचे हात शिवशिवायला लागत. दुसऱ्याच्या घरी चहाला बसली तरी तिचं लक्ष चहात नसे, कपाच्या कानात साचलेल्या रेघेत असे. एका लग्नाच्या जेवणावळीत तिने शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाची कॉलर ओल्या फडक्याने पुसून काढली होती, आणि तो माणूस नवरदेवाचा मामा निघाला. आमच्या दोंगवाझीत घरं साठ. पण 'फेंगलान काकू येतेय' असं कळलं की साठही घरांत लोक आधी जमिनीवरची सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पायाने कोपऱ्यात सारत आणि मगच दार उघडत.

हे वेड काही तिला जन्मापासून नव्हतं. ते आमच्या पाण्याने लावलं.

बत्तीस वर्षांपूर्वी ती डोंगराकडच्या गावातून देशुनची बायको होऊन इथे आली, तेव्हा तिच्यासोबत दोन पांढऱ्या चादरी होत्या. डोंगराकडे झऱ्याचं पाणी. आमच्याकडे सपाट पाणथळ जमीन, आणि पाणी जमिनीखालून पंपाने उपसायचं. ते बादलीत पडतं तेव्हा इतकं नितळ दिसतं की कुणीही फसावं. तासाभराने बादलीकडे बघा, तळाला गंज बसलेला. त्या पाण्यात लोखंड आणि मँगनीज दोन्ही मुबलक, आणि दोघांनाही हवा लागली की स्वतःचा रंग दाखवायची हौस. फेंगलानने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात चादरी धुऊन वाळत घातल्या आणि संध्याकाळी काढल्या त्या कडक चहाच्या रंगाच्या. ती रडायला लागली तर सासूने पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "रडतेस कशाला? आता कशा आपल्या घरच्या दिसायला लागल्या."

तिथून जी लढाई सुरू झाली ती सव्वीस वर्षं चालली. व्हिनेगर, राख, भाताची पेज, सोडा, उन्हाळ्यात गवतावर पसरून उन्हात तापवणं, थंडीत बर्फात पुरून ठेवणं, सगळं करून झालं. गावाने केव्हाच हात टेकले होते. लोकांचे दात पिवळे, किटल्या आतून लाल, आंबवलेला कोबी करडा, आणि वर पुन्हा फुशारकी अशी की पाण्यातून लोखंड पोटात जातं म्हणून आमची माणसं कणखर. फेंगलान एकटी घासत राहिली. तिचा नवरा देशुन मितभाषी माणूस. तो सांगतो, झोपेतसुद्धा बायकोचा उजवा हात पांघरुणावर पुढे-मागे चालायचा.

मग सहा वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या लोकांनी गावाच्या टोकाला विटांची एक खोली बांधली आणि आत पाणी गाळायची टाकी बसवली. वरून भोकाभोकांच्या नळीतून पाणी पावसासारखं पडतं, पडता पडता हवा पितं, आणि मग कमरेएवढ्या वाळूच्या थरातून झिरपत खाली जातं. पहिल्या दिवशी कुणाचाच विश्वास बसला नाही. दोन महिन्यांनी मात्र पाणी असं काही सुधारलं की फेंगलानची चादर वाळत घातली तेव्हाही पांढरी आणि काढली तेव्हाही पांढरी. ती अंगणात उभी राहून हमसून हमसून रडली. कुंपणापलीकडून शेजारीण लुआन शुहुआने विचारलं, "कोण गेलं गं?"

"कुणी नाही. चादर पांढरी झाली."

"मग रडतेस काय, परत मळेल की," शुहुआ म्हणाली आणि आत गेली.

ही शुहुआ म्हणजे फेंगलानच्या नशिबाला आलेलं आणखी एक लाल पाणी. तिच्या कांगवरची, म्हणजे खालून शेकोटी दिलेल्या त्या विटांच्या ओट्यावरची, अंथरुणं दुपार झाली तरी गोळा होत नसत. रात्री पुन्हा पसरायचीच आहेत तर घडी कशाला, हा तिचा हिशोब. तिच्या परातीत कालची कणीक, फुलदाणीत टूथब्रश आणि खिशात बियांची टरफलं. दोघींमध्ये तीस वर्षं एक कुंपण आणि एक भांडण होतं. भांडणाचा विषय रोज वेगळा, मुद्दा रोज तोच.

टाकी सांभाळायचं काम ग्वान दादाकडे होतं. म्हातारा सत्तरीचा, गुडघे कुरकुरणारे. या वर्षी त्याच्या मुलाने त्याला हिवाळ्यासाठी दूर दक्षिणेला सान्याला, समुद्रकाठी नेलं. जाताना त्याने खोलीची किल्ली फेंगलानच्या हातात ठेवली. गावप्रमुख फू समोर होता. तो म्हणाला, "काकू, नव्या वर्षाच्या सहाव्या दिवशी बैठक आहे. ग्वान दादा बहुतेक आता तिकडेच राहतील. तोवर नीट सांभाळलंत तर किल्ली कायमची तुमची."

फेंगलानच्या हातात आयुष्यात कधी कुणी किल्ली दिली नव्हती. माहेरी ती आईच्या कमरेला होती, सासरी सासूच्या, आणि सासू गेल्यावर घराला कुलूप लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने त्या किल्लीला लाल लोकरीचा दोरा विणून बांधला आणि गळ्यात घातली. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला काही हवं होतं तर ते एवढंच होतं, ती किल्ली सहाव्या दिवसानंतरही गळ्यात राहावी.

ग्वान दादाने सूचना दिल्या त्याही त्याच्या स्वभावाप्रमाणे, म्हणजे अर्ध्या. "तीन दिवसांनी एकदा खालून वर उलटं पाणी सोडायचं. वर साचलेला लाल गाळ वाहून जाईल. लोखंडाचा बंदोबस्त झाला."

"आणि ते दुसरं? मँगनीज?"

"ते हट्टी आहे. त्याला नुसती हवा पुरत नाही. पण त्याचं बघायला आत मंडळी बसलेली आहेत. तू वाळूला हात लावू नकोस म्हणजे झालं."

फेंगलानला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. आणि वाळूला हात लावू नकोस म्हणजे बोटं चिरतील, असा तिने अर्थ घेतला.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. तिने खोलीच्या भिंती पुसल्या, पाइप पुसले, बाहेरच्या पाटीवरचं प्रत्येक अक्षर काडीला फडकं गुंडाळून पुसलं. मग उजाडला चांद्र वर्षाच्या शेवटच्या महिन्याचा चोविसावा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे घर झाडायचं असतं. गेल्या वर्षाची धूळ, जळमटं, दुर्दैव सगळं बाहेर. फेंगलानचं घर सकाळी आठलाच झाडून झालं, कारण तिथे झाडण्यासारखं काही नव्हतंच. मग ती किल्ली घेऊन टाकीच्या खोलीवर गेली आणि तिने आजवर न केलेली गोष्ट केली. टाकीचं झाकण पूर्ण उघडून, पाणी उतरवून, आत बघितलं.

वाळू काळी होती. साधीसुधी काळी नव्हे, कढईच्या बुडासारखी. तिने एक मूठ उचलली तर बोटंही काळी झाली. सगळं गाव सहा वर्षं हे पितंय, असं म्हणत तिने बोटं फडक्याला दोनदा पुसली. आणि कोपऱ्यात, जिल्ह्याने जादा म्हणून देऊन ठेवलेली चाळीस पोती नवी वाळू. तिने एका पोत्याचं तोंड सोडलं. आत वाळू कशी, तर साखर. पांढरीशुभ्र, चमचमती.

आता तुम्हीच सांगा, असल्या बाईने, असल्या दिवशी, करायचं तरी काय?

तिने देशुनला बोलावलं. देशुनने वाळूकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि फावडं उचललं. संसार बत्तीस वर्षं टिकला तो उगीच नाही. दोघांनी सकाळभर उपसलं. गावप्रमुख फू डोकावून गेला, "काकू, तुमच्या हातात दिलं म्हणजे बघायला नको," म्हणाला आणि स्वतःचं घर झाडायला पळाला. दुपारपर्यंत काळी वाळू पोत्यांत आणि पांढरी वाळू टाकीत. आता या पोत्यांचं काय करायचं? बाहेर उणे पंचवीस, गल्ल्यांत काच झालेला बर्फ, आणि सणाला पाहुणे येणार. फेंगलानने घसरगाडीवर पोती लादली आणि घरोघर वाटली, कुठे अख्खं, कुठे अर्धं. दारात पसरा, पाय घसरणार नाही. लोकांनी तोंडभरून आशीर्वाद दिले. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्ल्यांत काळी वाळू पसरली होती आणि फेंगलान इतकी खूश होती की तिने शुहुआलासुद्धा एक पोतं दिलं, वर हसून.

पंचवीस तारखेला गावात सोयाबीन दळून टोफू झाला. जरा करडा आला. लोक म्हणाले, या वर्षी सोयाबीनच तसं होतं.

सत्तावीसला धुणी निघाली. सणाआधी चादरी, अभ्रे, टेबलावरची कापडं, सगळं पांढरं काढून ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवायचं ही आमच्याकडची रीत. पाण्यातलं मँगनीज नळातून येताना सभ्य असतं, दिसत नाही. पण त्याला ब्लीचिंग भेटलं की दोघं मिळून जो काही गोंधळ घालतात तो बघवत नाही. दोंगवाझीतल्या साठ घरांत साठ बायकांनी बादलीतून चादर उचलली आणि ती तपकिरी, काळपट, ढगाढगांची निघाली. आणि गंमत बघा, एकीनेही तोंड उघडलं नाही. प्रत्येकीला वाटलं, आपणच ब्लीचिंग जास्त घातलं. सणाच्या तोंडावर शेजारणीला सांगायचं, आणि ते फेंगलानच्या कानावर जायचं? त्यापेक्षा चादर गुपचूप कांगवरच्या चटईखाली गेलेली बरी. खुद्द फेंगलानची चादरही तशीच निघाली. तिने दोष देशुनला दिला. देशुनने तो घेतला.

नव्या वर्षाचा पहिला दिवस. सकाळी ज्याओझी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, खाऊन लोक शुभेच्छा द्यायला घरोघर निघाले. या दिवशी आमच्याकडे अशुभ शब्द काढत नाहीत. भांडं फुटलं तरी 'शांती आली' म्हणायचं, ज्याओझी फाटली तरी 'फुलली' म्हणायचं. आणि पाचवा दिवस उजाडेपर्यंत झाडू हातात घ्यायचा नाही, नाहीतर घरात आलेलं भाग्य केराबरोबर बाहेर जातं.

सणाच्या धावपळीत आठवडाभर नुसत्या गरम पाण्यावर राहिलेली फेंगलान पहिल्या घरी गेली. चहा आला. काळा. शाई ओतल्यासारखा. यजमान म्हणाले, "घ्या, काय सुंदर चहा." फेंगलान एक घोट प्याली. तोंडात खिळा धरल्यासारखी चव. ती म्हणाली, "वा, किती भरदार." दुसऱ्या घरीही काळा. तिथे एक म्हातारा डोळे मिटून पीत होता आणि प्रत्येक घोटाला "भरभराट, भरभराट" म्हणत होता, कारण दुसरं काही तोंडातून निघून चाललं नसतं. तिसऱ्या घरी तिच्या नजरेने आपलं काम केलं. चटईच्या कडेखालून चादरीचं टोक डोकावत होतं. तपकिरी, ढगाढगांचं. घरातल्या सुनेने पटकन त्याच्यावर पाय ठेवला. चौथ्या घरी उशीचा अभ्रा उलटा घातलेला होता, पण शिवणीतून तोच रंग. बत्तीस वर्षं डागांशी झुंजलेल्या बाईला एकेक डाग नावानिशी ओळखता येतो. हा डाग चार घरांचा नव्हता. एकच डाग होता, गावभर पसरलेला.

ती गल्लीच्या कोपऱ्यात थांबली आणि तिने ग्वान दादाला फोन लावला, चित्र दिसणारा. पलीकडे निळा समुद्र, आणि त्यापुढे ग्वान दादा, फुलाफुलांच्या अर्ध्या चड्डीत, हातात शहाळं. त्याचे गुडघे फेंगलानने पहिल्यांदाच बघितले.

"फेंगलान, नव्या वर्षाची भरभराट. पाणी कसं आहे?"

"दादा, वाळू बदलली मी. फार काळी झाली होती. आता पांढरीशुभ्र आहे."

ग्वान दादा हळूहळू खाली बसला. त्याच्याभोवती सगळीकडे वाळूच होती, पांढरीशुभ्र. त्याने शहाळं बाजूला ठेवलं.

"फेंगलान, ती काळी नव्हती गं. ती तयार झालेली होती. वाळूच्या कणाकणावर मँगनीजचीच काळी साल चढते. ती साल नव्या मँगनीजला धरून ठेवते. नवी वाळू कोरी, तिला काही येत नाही, सगळं सोडून देते. साल धरायला दोन महिने लागतात. सगळी मंडळी होती ती आतली. तुला सांगितलं होतं ना."

"तुम्ही मंडळी म्हणालात. मला काय ठाऊक मंडळी म्हणजे मळ."

"जुनी वाळू कुठे आहे?"

फेंगलानने फोन फिरवून गल्ली दाखवली. काळी वाळू, तिच्यावर फटाक्यांचे लाल कागद, त्याच्यावरून चाललेलं एक कुत्रं.

ग्वान दादा म्हणाला, "जेवढी मिळेल तेवढी गोळा कर. माती काढ, उकळत्या पाण्याने धू, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडव. सालीला त्याने काही होत नाही, उलट तरतरी येते. मग नव्या वाळूवर पसर."

"आणि बैठकीत काय सांगू?"

"ते तुझं तू बघ," म्हातारा म्हणाला. तो खोटं बोलायला सांगणार नव्हता आणि खरं बोलायलाही सांगणार नव्हता.

फेंगलान तिथेच उभी राहिली. कुणाला काही कळलेलं नव्हतं. सोयाबीनला दोष देऊन झाला होता, देशुनलाही. पंपावर ढकललं तर गावाने मानलं असतं, आणि किल्ली राहिली असती. तिने गळ्यातली किल्ली मुठीत धरली. ती तिला फार हवी होती, लाज वाटावी इतकी. पण डाग लपवून ठेवणं तिच्याने कधी झालंच नव्हतं. ती तडक गावप्रमुख फूच्या घरी गेली, कारण गावाचा लाउडस्पीकर त्याच्या माजघरात होता.

तिचं ऐकून फू पांढरा पडला. चादरीपेक्षा जास्त. "काकू, पाया पडतो. आज पहिला दिवस आहे. आज असलं अशुभ लाउडस्पीकरवर?"

"मग शुभ शब्दांत सांगते," फेंगलान म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

"दोंगवाझीच्या साठही घरांना नव्या वर्षाची भरभराट. मी च्यू फेंगलान, तुमची पाणीवाली. गेल्या आठवड्यापासून आपल्या पाण्यातलं सुख जरा गडद झालंय. चहाला श्रीमंत रंग आलाय. तुमच्या चटयांखालच्या चादरींनाही आलाय, मला माहितीय, माझ्याही चटईखाली आहे. हे सगळं वैभव माझ्या हातून आलं, माझ्या एकटीच्या. टाकीत सहा वर्षं साठवलेली गावाची काळी संपत्ती होती, ती मी मळ समजून तुमच्या दारात उधळली. ती नसली तर पाणी गाळलं जात नाही. ती परत हवीय. तेव्हा मंडळी, आज झाडू हातात घ्या."

गावात कुठेतरी वाटी पडली. फूने कपाळाला हात लावला.

"आणि बाहेरून आत झाडा," फेंगलान म्हणाली. "दारातून घरात. बाहेर काही जाणार नाही, आतच येईल."

मग फूची बायको म्हणाली, "बाहेरून आत चालतं की. माझी आजी तसंच झाडायची."

पुढचा अर्धा तास जो दोंगवाझीत होता त्याला जन्मभर पुरेल. साठ घरांतून माणसं झाडू, केरसुण्या, फावडी घेऊन बाहेर पडली, नवे कपडे घालून, आणि गल्लीतून आपापल्या उंबऱ्याकडे पाठ करून उलटं चालत झाडायला लागली. दोन भाऊ हद्दीवरच्या पसाभर वाळूवरून भांडले, तेही शुभ शब्दांत. "तुझी भरभराट होवो, पण ती माझ्या दारातली आहे." एक आजी तर शेजाऱ्याच्या पायरीवरची वाळू कोटाच्या घोळात ओढून पळाली. बर्फाला चिकटलेली वाळू लोकांनी किटलीचं गरम पाणी ओतून सुटी केली. म्हणजे तेच काळं पाणी. हसून हसून लोकांच्या पोटात दुखायला लागलं आणि उणे पंचवीसमध्ये गालावर ओघळलेले अश्रू तिथेच गोठले.

पण एक घोळ झाला. वाळू घरात आली ती घरातच राहिली. फेंगलान घसरगाडी घेऊन मागायला गेली तर लोक दारात हात पसरून उभे. "काकू, पाचवा दिवस उजाडेपर्यंत घरातलं काही बाहेर द्यायचं नसतं. त्यात तुम्हीच म्हणालात, संपत्ती आहे." तिला स्वतःची जीभ चावावीशी वाटली. अठ्ठावन्न घरं फिरून तिच्या गाडीत एक मूठही पडली नाही. पाचवा दिवस उजाडेपर्यंत थांबायचं, म्हणजे धुवायला-पसरवायला एकच दिवस. सहाव्याला बैठक. सगळं गणित चुकत होतं.

राहता राहिलं शुहुआचं घर. तिथे जायची तिची हिंमत होत नव्हती, कारण शुहुआ तीस वर्षांचं एकदम वसूल करणार हे उघड होतं. फेंगलान गेली. शुहुआ कांगवर पसरलेल्या अंथरुणांत बसून बिया फोडत होती.

"ये, पाणीवाली. ऐकलं मी. आयुष्यभर मला घाणेरडी म्हणालीस आणि सगळ्या गावाला काळं पाणी पाजलंस."

"पाजलं. तुझी वाळू झाडलीस का?"

"कुठली वाळू?"

"मी पोतं दिलं होतं, दारात पसरायला."

"ते होय," शुहुआ म्हणाली. "कोण पसरत बसणार. मागच्या दाराखालून वारा येतो, तिथे लावलंय."

फेंगलान मागच्या दाराशी गेली. पोतं होतं तसं होतं. तोंडाची गाठसुद्धा तिने स्वतः बांधलेली, तशीच.

"आणि एक कोबीच्या रांजणावर आहे," शुहुआ आतून सांगत होती. "दगड सापडेना. ते पलीकडच्या घरातलं, त्यांनाही पसरायचा कंटाळा आला होता. चांगली माणसं आहेत. आणि गल्लीच्या टोकाला कुणी न पसरताच ठेवलेली दोन मी बसायला आणलीत."

फेंगलान धावत आत आली. शुहुआ खरंच दोन पोत्यांवर गादी टाकून बसली होती. चार पोती, चार अख्खी पोती काळी वाळू, कण न सांडलेली, कुत्र्याने न बघितलेली. फेंगलानने तिला मिठी मारली. शुहुआच्या स्वेटरवर डाळीचं काहीतरी वाळलेलं होतं आणि फेंगलानला ते दिसलं नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिला काही दिसलं नाही.

"पण पाचवा दिवस उजाडेपर्यंत बाहेर द्यायचं नसतं," ती घाबरत म्हणाली.

"माझ्या घरात भाग्य येऊन बसायला जागा कुठेय," शुहुआ म्हणाली. "ने. पण उचल तू, मी उठत नाही."

दुसऱ्या दिवशी ती चार पोती उकळून, धुऊन टाकीत पसरली. समुद्रकाठून ग्वान दादा फोनवर ओरडत होता, सारखी पसर, सारखी पसर. सुरुवातीचं पाणी लोक गटारात सोडत राहिले. तिसऱ्या दिवशी चहा शाईवरून कॉफीवर आला, चौथ्या दिवशी तांबूस. पाचव्या सकाळी वर्षाची बंधनं सुटली, गावभर फटाके वाजले आणि घरोघरची वाळू बादल्यांतून, टोपल्यांतून, एका घरातून तर पाहुण्यांच्या नव्या सुटकेसमधून टाकीच्या खोलीवर आली. तिच्यात लाल कागद, बियांची टरफलं, दोन बटणं आणि कुणाची तरी कवळी निघाली. फेंगलान दिवसभर चाळत आणि धूत होती. ब्लीचिंगच्या पाण्यातून काढलेली वाळू पूर्वीइतकीच काळी निघाली तेव्हा ती मोठ्याने हसली.

सहाव्या दिवशी बैठक टाकीच्या खोलीतच भरली. फूने काचेच्या ग्लासात नळाचं पाणी घेतलं, ब्लीचिंगचे चार थेंब टाकले आणि पांढरा रुमाल बुडवला. सगळं गाव मान पुढे करून बघत राहिलं. रुमाल पांढराच राहिला. मग चहा झाला. पिवळसर, पारदर्शक. पहिल्या दिवशी 'भरभराट' म्हणणारा म्हातारा घोट घेऊन म्हणाला, "देवा, तो चहा किती घाण होता," आणि खोली हसण्याने दणाणली.

"तर किल्लीचं," फू म्हणाला. "काकूंनी चूक केली, सांगितली, निस्तरली. मला वाटतं..."

"थांब," फेंगलान उठली. तिने गळ्यातून किल्ली काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. "मला ती हवी आहे. खोटं कशाला बोलू, दुसरं काहीच नकोय. पण माझे हात मला माहीत आहेत. आज कळलंय की तो मळ नाही. पण पुढच्या वर्षी चोवीस तारीख येईल, झाकण उघडीन, ते काळं दिसेल, आणि हे हात माझं ऐकायचे नाहीत. आत्तासुद्धा शिवशिवतायत."

ती खोटं बोलत नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. तिची बोटं खरंच हलत होती.

"टाकीच्या झाकणाला वेगळं कुलूप लावा," फेंगलान म्हणाली. "खोली मी उघडीन, पाइप मी पुसीन, उलटं पाणी मी सोडीन. पण झाकणाची किल्ली अशा बाईकडे द्या, जिला मळ दिसतच नाही."

सगळ्यांच्या माना एकदम एकाच दिशेला वळल्या. शुहुआ दाराशी बसून बिया फोडत होती.

"मला नको," ती म्हणाली. "मला कंटाळा येतो."

"म्हणूनच," गावप्रमुख फू म्हणाला.

शुहुआने टरफल थुंकलं. ती उठली, हे बघूनच अर्ध्या गावाला आश्चर्य वाटलं. खोलीच्या मध्ये येऊन तिने फेंगलानचे दोन्ही हात मनगटांशी घट्ट धरले. साबणाने, सोड्याने, व्हिनेगरने चिरा पडलेले लाल हात.

"मी मेले तरी हे झाकण तुला एकटीला उघडू देणार नाही," ती म्हणाली. "चालेल?"

बत्तीस वर्षांत हे हात कुणी धरून थांबवले नव्हते. सासूने नाही, देशुनने नाही. फेंगलानने हात सोडवून घेण्याचा प्रयत्न केला नाही. "चालेल," ती म्हणाली, आणि बोटं हलायची थांबली.